रॉबिन हुडच्या अंगावरचा चिखल

इंग्लंडमधील एका जुन्या कथागीतात रॉबिन हुड आणि त्याला मारण्यासाठी आलेला गिस्बोर्न हे दोघे जंगलात समोरासमोर येतात. गिस्बोर्नने अंगावर घोड्याचे अख्खे कातडे पांघरलेले असते, डोके, आयाळ आणि शेपटीसकट. दोघे आधी नेमबाजीची पैज लावतात, मग एकमेकांची ओळख पटते आणि तलवारी उपसल्या जातात. झाडाच्या मुळाला अडखळून रॉबिनचा तोल जातो, डाव्या कुशीत वार बसतो, तरी तो उठतो आणि गिस्बोर्नला ठार करतो. एवढ्यावर तो थांबत नाही. मृताचे केस धरून तो मुंडके कापतो, आपल्या धनुष्याच्या टोकावर खोचतो, आणि आईच्या पोटी जन्मलेल्या कोणालाही तो चेहरा ओळखू येऊ नये इतक्या चिरा सुरीने त्यावर पाडतो. मग स्वतःचा हिरवा अंगरखा त्या धडावर टाकून, घोड्याचे कातडे आपण पांघरून, गिस्बोर्नचेच शिंग फुंकत तो शेरिफला, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याला, फसवायला निघतो.

रॉबिन हुडची गोष्ट 'खऱ्या, कठोर रूपात' सांगण्याचा दावा करणारे चित्रपट गेल्या काही दशकांत वरचेवर आले. मी पाहिलेल्यांपैकी एकातही हा प्रसंग नाही. अशा चित्रपटांना हल्ली 'ग्रिटी' म्हणतात. मी त्यांना मातकट म्हणेन, कारण त्यांत माती खरोखरच फार असते. आकाश राखाडी, कपडे तपकिरी, दाढ्या वाढलेल्या, पावसाने रस्त्याचा राडा झालेला, आणि नायकाच्या चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. या सगळ्यातून प्रेक्षकाला सांगितले जाते की आजवर ऐकली ती परीकथा होती आणि तिच्याखाली दडलेला खरा माणूस आता समोर येत आहे. मात्र रॉबिन हुडच्या बाबतीत कथेचे थर एकेक करून काढत गेले तर तळाशी खरा माणूस सापडत नाही. सापडते ती आणखी एक कथा, आणि ती वरच्या थरांपेक्षा जास्त रांगडी आहे. मातकट चित्रपट नेमके काय करतो हे समजून घ्यायचे, तर आधी हे थर पाहिले पाहिजेत.

सर्वांत खालचा थर कोर्टाच्या हिशेबवहीत आहे. १२२६ सालच्या राजाच्या जमाखर्चात, यॉर्कशायरच्या पानावर, 'रॉबर्ट हॉड, फरारी' अशी नोंद आहे आणि त्याच्या जप्त मालमत्तेची किंमत ३२ शिलिंग ६ पेन्स अशी मांडली आहे. हाच रॉबिन हुड, असे मानण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु रॉबर्ट हे तेव्हा अगदी सर्रास आढळणारे नाव होते, रॉबिन हे त्याचेच लाडके रूप, आणि हॉड किंवा हुड हे आडनावही दुर्मिळ नव्हते. त्याहून बोलकी नोंद १२६२ ची आहे. बर्कशायरमधील विल्यम नावाचा एक फरारी, जो रॉबर्ट नावाच्या लोहाराचा मुलगा होता, त्याला त्या वर्षीच्या कागदात कारकुनाने 'विल्यम रॉबहुड' करून टाकले आहे. म्हणजे तोवर ते नाव फरारी माणसाला चिकटवण्याचे टोपणनाव झाले असावे. एखाद्या नावाचे असे सामान्यनाम झाले की त्यामागचा मूळ माणूस शोधणे जवळजवळ अशक्य होते, आणि गंमत अशी की दंतकथा खरी होती असे वाटायला लावणारा हाच सर्वांत जुना पुरावा दंतकथेची उकल कायमची अडवून बसतो.

येथे 'आउटलॉ' या शब्दाचा अर्थ नीट सांगायला हवा, कारण चित्रपटांत तो नुसता 'डाकू' अशा अर्थाने येतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आउटलॉ म्हणजे कायदा मोडणारा नव्हे, तर कायद्याच्या बाहेर टाकला गेलेला मनुष्य. एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप झाला आणि तो हजर झाला नाही, तर परगण्याच्या कोर्टाच्या लागोपाठच्या बैठकांत त्याच्या नावाचा पुकारा होई. चार-पाच बैठका उलटूनही तो आला नाही, तर त्याला कायद्याबाहेरचा घोषित करत. त्याची चीजवस्तू राजाकडे जमा होई, जमीन वर्ष आणि एक दिवस राजाच्या ताब्यात राहून मग त्याच्या वरच्या जमीनदाराकडे परत जाई, आणि त्याला आसरा देणे हाच गुन्हा ठरे. जुन्या काळी तर अशा माणसाच्या 'धडावर लांडग्याचे डोके आहे' असे म्हणत: लांडगा मारल्याबद्दल कोणाला जाब विचारला जात नसे, तसा यालाही कोणी मारले तर विचारणा नसे. पुढे ही मुभा आवळत गेली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हे सारे शिक्षा ठोठावल्यामुळे घडत नव्हते. ते गैरहजेरीमुळे घडत होते. निरपराध पण घाबरलेला मनुष्यही याच वाटेने जंगलात पोहोचू शकत होता. कोणत्याही चिखलापेक्षा ही कोरडी, कारकुनी प्रक्रिया मला अधिक भयंकर वाटते.

दुसरा थर कथागीतांचा आहे. त्यांना इंग्रजीत बॅलड म्हणतात. पोवाड्याशी त्यांचे दूरचे नाते जोडता येईल, मात्र पोवाड्यातला शाहीर ज्या आवेशाने नायकाचा गौरव करतो तो आवेश येथे नाही. सुरुवातीला दोन ओळी पानाफुलांच्या आणि पाखरांच्या, मग थेट मारामारी, असा त्यांचा बाज आहे. ही गीते १३७७ च्या सुमारास लोकांच्या तोंडी होती हे नक्की, कारण त्या काळातल्या एका मोठ्या इंग्रजी काव्यात आळसाचे प्रतीक असलेला एक पाद्री कबूल करतो की आपल्याला प्रार्थना धड पाठ नाही, पण रॉबिन हुडची गाणी येतात. आज आपल्या हाती असलेल्या गीतांपैकी सर्वांत जुने १४५० नंतरच्या हस्तलिखितात आहे. गिस्बोर्नचे गीत ज्या हस्तलिखितात टिकले ते सतराव्या शतकातले आहे, आणि अठराव्या शतकात जुनी गीते गोळा करणारे टॉमस पर्सी यांच्या दृष्टीस ते पडले तेव्हा एका घरात मोलकरणी त्याची पाने फाडून चूल पेटवत होत्या. त्यामुळे त्याच हस्तलिखितातले रॉबिनच्या मृत्यूचे गीत आपल्याला अर्ध्याअर्ध्या फाटलेल्या पानांवरच मिळते. वारसा कोणत्या क्षणी राख होता होता वाचला, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कळते.

या गीतांतला रॉबिन चित्रपटातल्या रॉबिनशी फारच थोडा जुळतो. तो सरदार नाही, 'योमन' आहे, म्हणजे सरदारवर्गाखालचा स्वतंत्र मनुष्य. त्याचे मुख्य ठाणे नॉटिंगहॅमजवळचे शेरवुड नसून बऱ्याचदा उत्तरेकडील यॉर्कशायरमधले बार्न्सडेल आहे. रॉबिनची प्रेयसी मॅरियन कोठेही नाही. ती पुढे वसंतोत्सवाच्या खेळांतून या कथेत शिरली. सर्वांत मोठ्या गीतात राजाचे नाव रिचर्ड नसून एडवर्ड आहे. क्रुसेडचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाचा, उल्लेख नाही, जेते नॉर्मन आणि जित सॅक्सन हे वैर नाही, करांची तक्रारही नाही. 'श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणे' हे सूत्रही तेथे स्पष्ट स्वरूपात नाही. १५०० च्या सुमारास छापल्या गेलेल्या आणि ४५६ कडव्यांच्या त्या मोठ्या गीतात रॉबिन आपल्या माणसांना सांगतो की नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला, भल्या योमनला किंवा चांगल्या वृत्तीच्या सरदाराला त्रास देऊ नका. बिशप आणि आर्चबिशप यांना मात्र बांधून बदडा, आणि नॉटिंगहॅमच्या शेरिफला विसरू नका. गीताच्या शेवटी एवढेच म्हटले आहे की तो भला आउटलॉ होता आणि त्याने गरिबांचे पुष्कळ भले केले. ते कसे केले, याचा तपशील पुढच्या शतकांनी भरला.

त्याच गीतातील एक प्रसंग मला फार आवडतो, कारण त्यात हा जुना रॉबिन पुरता दिसतो. जंगलात अडवलेल्या एका सरदाराला रॉबिन आधी पोटभर जेवू घालतो आणि मग जेवणाचे पैसे मागतो. सरदार म्हणतो, आपल्याकडे केवळ दहा शिलिंग आहेत. रॉबिनचा जवळचा साथीदार लिटल जॉन त्याची पेटी अंथरलेल्या झग्यावर उलटी करून पाहतो. खरोखरच तेवढेच निघतात. सरदार खरे बोलला म्हणून रॉबिन त्याला ४०० पौंड उसने देतो, जेणेकरून यॉर्कच्या मठाकडे गहाण पडलेली जमीन त्याला सोडवता यावी. जामीन कोण, असे विचारल्यावर सरदार सांगतो, माता मेरीखेरीज कोणी नाही. रॉबिनला तो जामीन पुरतो. वर्षाने त्याच वाटेवर त्याच मठाचा एक भिक्षू सापडतो, जवळ फारसे काही नाही असे खोटे बोलतो, आणि त्याच्या पेटीतून ८०० पौंडांहून अधिक रक्कम निघते. मेरीने कर्ज दुपटीने फेडले, असे म्हणून रॉबिन ती ठेवून घेतो. येथे समाजक्रांती नाही. आहे तो खरे-खोटे पारखण्याचा एक रस्त्यावरचा हिशेब, थोडा मिस्कील आणि थोडा भाबडा.

यानंतरचे थर चटकन सांगता येतात. १५२१ मध्ये स्कॉटिश इतिहासकार जॉन मेजर यांनी रॉबिनला ११९३-९४ च्या काळात, म्हणजे राजा रिचर्ड कैदेत असतानाच्या वर्षांत, नेऊन ठेवले; त्यापूर्वीच्या इतिवृत्तकारांनी त्याला १२६६ किंवा १२८३ च्या आसपास टाकले होते. १५९८ मध्ये अँटनी मंडे यांच्या नाटकांनी त्याला हंटिंग्टनचा अर्ल, म्हणजे बडा उमराव बनवले. १७९५ मध्ये जोसेफ रिटसन यांनी सगळी गीते गोळा करून छापली. ते फ्रेंच राज्यक्रांतीचे चाहते होते आणि त्यांचा रॉबिन जुलमाविरुद्ध उभा राहिलेला माणूस होता. १८१९ च्या अखेरीस वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबरीने त्याला जेत्या नॉर्मनांविरुद्ध झगडणाऱ्या सॅक्सनांच्या बाजूला बसवले. आपण ज्याला 'मूळ रॉबिन हुड' समजतो, तो मुख्यतः या चौघांच्या हातचा आहे. चित्रपटांनी त्याला उचलले तेव्हा तो जवळजवळ तयार होता.

१९३८ च्या चित्रपटातला, अभिनेते एरॉल फ्लिन यांचा रॉबिन हुड मातकट चित्रपटांना सतत खिजवत असतो, कारण त्याच्याविरुद्ध जाण्यासाठीच ते काढले जातात. त्यात शेरवुडचे जंगल कॅलिफोर्नियातील चिको गावच्या बागेत चित्रित झाले, सगळे रंग भडक आहेत, नायक कमरेवर हात ठेवून खदाखदा हसतो. हा भडकपणा अडाणीपणाने आलेला नाही. त्या वेळचे टेक्निकलर तंत्र एकाच वेळी तीन फिल्मपट्ट्यांवर तीन मूळ रंगांची छाया टिपत असे, ते महाग होते, आणि निर्मात्यांना खर्च केलेला पैसा पडद्यावर दिसायला हवा होता. दुसरे कारण नैतिक बंधनांचे आहे. १९३४ पासून अमेरिकेत निर्मितीसंहितेची, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याच्या नियमांची, अंमलबजावणी कडक झाली होती आणि गुन्हेगाराविषयी प्रेक्षकाला सहानुभूती वाटेल असे दाखवण्यास तिचा विरोध होता. मग दरोडेखोर नायक कसा करायचा? त्याला खऱ्या राजाचा निष्ठावंत करायचे, राज्य बळकावणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाला, जॉनला, खलनायक करायचे, आणि शेवटी खरा राजा परत आला की सगळे कायदेशीर होते. रॉबिन तेथे बंडखोर नसून तात्पुरता बेकायदा ठरलेला राजनिष्ठ आहे. माझ्या मते त्या काळात हीच एक पळवाट उपलब्ध होती, आणि मेजर यांच्या तारखेने ती आधीच तयार करून ठेवली होती.

पुढे ती संहिता गेली, युद्धांविषयीची लोकांची भावना बदलली, आणि १९७६ मध्ये शॉन कॉनरी व ऑड्री हेपबर्न यांनी पिकलेल्या केसांचे, थकलेले रॉबिन आणि मॅरियन उभे केले. माझ्या लेखी मातकट परंपरेतला सर्वांत चांगला चित्रपट अजूनही तोच आहे, कारण त्याचा कठोरपणा चेहऱ्यांवरील वयात आहे आणि त्याने मृत्यूच्या गीताला हात घातला.

आता २०१० च्या चित्रपटाकडे येऊ. दिग्दर्शक रिडली स्कॉट, नायक रसेल क्रो, खर्च अवाढव्य. येथे रॉबिन हा क्रुसेडवरून परतणाऱ्या रिचर्डच्या सैन्यातला साधा तिरंदाज आहे. ११९९ मध्ये फ्रान्समधील शालूच्या किल्ल्यासमोर रिचर्ड मरतो, रॉबिन एका मृत सरदाराची ओळख धारण करून नॉटिंगहॅमला पोहोचतो, आणि पुढे राजा जॉनला हक्कांची सनद मान्य करायला लावण्याच्या चळवळीत व फ्रेंच आक्रमणाविरुद्धच्या लढाईत सापडतो. अगदी शेवटी जॉन त्याला आउटलॉ घोषित करतो. म्हणजे गीते जेथून सुरू होतात, तेथे हा चित्रपट संपतो. ही योजना म्हटले तर धाडसी आहे, आणि म्हटले तर गोष्टीभोवती सव्वादोन तास घिरट्या घालणे आहे.

मातकटपणा पडद्यावर कसा तयार होतो, हे एकदा समजले की तो सगळीकडे ओळखू येतो. पहिली गोष्ट रंगाची. चित्रण झाल्यावर संगणकावर रंगछटा बदलतात; त्यात रंगांची तीव्रता उतरवून सावल्यांना निळसर झाक देता येते, आणि उन्हाळ्यातले हिरवे रान नोव्हेंबरसारखे दिसू लागते. दुसरी गोष्ट शटरची. सेकंदाला २४ चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात नेहमीच्या मांडणीत प्रत्येक चित्राला सेकंदाचा ४८ वा भाग इतका वेळ उजेड मिळतो, त्यामुळे वेगाने फिरणारी तलवार थोडी पुसट दिसते आणि डोळ्याला हालचाल सलग वाटते. हाच वेळ सेकंदाच्या १९२ व्या भागापर्यंत कमी केला, तर प्रत्येक चित्र लखलखीत रेखीव होते, उडणारा मातीचा कण न् कण वेगळा दिसतो आणि हालचाल तुटक, झटक्याझटक्यांची होते. प्रेक्षकाच्या जिवाला घोर लागतो आणि आपण प्रत्यक्ष तेथे आहोत असा त्याचा समज होतो. खांद्यावर धरलेला, हलणारा कॅमेरा बातमीपटांची आठवण करून देतो. आवाजात बाण घुसल्याचा ओला ध्वनी वेगळा मिसळला जातो. यांपैकी कोणतीही युक्ती बाराव्या शतकाविषयी काही सांगत नाही. विसाव्या शतकात युद्धे कशी चित्रित झाली, याची ती स्मृती आहे. २०१० च्या चित्रपटात फ्रेंच सैन्य ज्या लाकडी होड्यांतून किनाऱ्यावर उतरते, त्यांची तोंडे खाली पडतात आणि शिपाई पाण्यात उड्या घेतात, तेव्हा डोळ्यांसमोर १९४४ चे नॉर्मंडी येते, आणि दिग्दर्शकाला ते यावेच असे वाटत असणार.

प्रत्यक्षात काय घडले? फ्रेंच राजपुत्र लुई मे १२१६ मध्ये केंटच्या किनाऱ्यावर उतरला, तोही इंग्लंडच्या बंडखोर उमरावांच्या निमंत्रणावरून, आणि राजा जॉन न लढताच मागे सरला. मॅग्ना कार्टा ही हक्कांची सनद त्याआधी, जून १२१५ मध्ये झाली होती. चित्रपटाने सतरा वर्षांच्या घटना एका हंगामात कोंबल्या, सनदेची कल्पना रॉबिनच्या पाथरवट बापाच्या पदरात टाकली, आणि किनाऱ्यावर कधीही न झालेली लढाई लावून दिली. त्याला माझी हरकत नाही. कथा सांगणाऱ्याने इतिहासाशी एवढी सलगी करायचीच असते. मौज वेगळीच आहे. रिचर्डचा खरा मृत्यू चित्रपटातल्या मृत्यूपेक्षा जास्त ओंगळ होता. २६ मार्च ११९९ रोजी संध्याकाळी खांद्याजवळ बाण लागला, तो काढताना जखम वाढली, ती सडली, आणि ६ एप्रिलला राजा गेला. चित्रपटात तो रणधुमाळीतच बाण लागून मरतो. कठोर वास्तव हाताशी असताना चित्रपटाने ते सोडून दिले, कारण अकरा दिवस कुजणारा खांदा कथेची गती मारतो.

रंगांच्या बाबतीत तर मातकट चित्रपट सरळ चुकतात. मध्ययुगातील लोक राखाडी आणि तपकिरी चिंध्यांत वावरत होते, हा समज पडद्याने निर्माण केलेला आहे. निळ्यासाठी वोड, पिवळ्यासाठी वेल्ड, तांबड्यासाठी मंजिष्ठेच्या जातीचे मूळ, अशा वनस्पती सर्वत्र वापरात होत्या. निळ्यावर पिवळ्याचा हात दिला की लिंकन शहराच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेला हिरवा मिळे. त्या मोठ्या गीतात राजा भिक्षूच्या वेषात रॉबिनला भेटायला येतो, आणि शेवटी तो व त्याची माणसे लिंकनचा हिरवा रंग अंगावर चढवून राखाडी कपडे फेकून देतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या कवीने फेकून दिलेले राखाडी कपडे आजच्या वेशभूषाकाराने उचलून पुन्हा रॉबिनला घातले आहेत.

जंगलाचेही असेच आहे. पडद्यावरचे शेरवुड घनदाट, काळोखे असते. पण इंग्लंडमध्ये 'फॉरेस्ट' ही कायद्याची हद्द होती: राजाच्या शिकारीसाठी राखलेला प्रदेश, ज्यात झाडी, माळ, चराऊ राने आणि गावेही येत. तेथे राहणाऱ्या माणसाच्या कुत्र्याने हरणामागे धावू नये म्हणून त्याच्या पुढच्या पायाच्या तीन नख्या तोडल्या जात. हा नियम कापलेल्या हातांइतका नाट्यमय नाही, पण राजाची सत्ता घराच्या उंबऱ्यापर्यंत कशी पोहोचत होती ते त्यातून जास्त कळते. हरीण मारल्याबद्दल फाशी देण्याचे दृश्य अनेक चित्रपटांत असते. बाराव्या शतकातील शिक्षा क्रूर होत्या, त्यांत डोळे काढण्याचाही समावेश होता. मात्र १२१७ च्या वनसनदेने शिकारीच्या गुन्ह्यासाठी कोणाचाही जीव वा अवयव घेण्यास मनाई केली, आणि दंड किंवा वर्षभराची कैद ठरवून दिली. बार्न्सडेल तर फॉरेस्टही नव्हते. तेथे उत्तरेला जाणारा मोठा रस्ता होता, आणि दरोडेखोराला जंगलापेक्षा रस्ताच अधिक लागतो. १३०६ मध्ये स्कॉटलंडहून दक्षिणेकडे नेल्या जाणाऱ्या तीन बड्या धर्माधिकाऱ्यांसोबतचे तिरंदाज या टप्प्यात वाढवून २० करावे लागले होते, आणि खर्चाच्या कागदात कारण लिहिले आहे ते 'बार्न्सडेलमुळे' असे.

मातकट चित्रपटांना एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. पैशाचे ओझे त्यांनी कथेत आणले. रिचर्डच्या सुटकेसाठी १,५०,००० मार्कांची खंडणी ठरली होती. मार्क म्हणजे पौंडाचा दोनतृतीयांश, म्हणजे एक लाख पौंड. त्यासाठी ११९३ मध्ये उत्पन्नाचा आणि चीजवस्तूंचा चौथा हिस्सा मागण्यात आला, चर्चची सोन्याचांदीची भांडी गेली, सिस्टर्शियन पंथाच्या मठांची वर्षभराची सगळी लोकर गेली. १९३८ च्या त्या रंगीत, आनंदी चित्रपटातही ही खंडणी आहे, पण तेथे ती खलनायकाच्या लबाडीचा भाग आहे. नव्या चित्रपटांत स्वतः रिचर्डवरच बोट रोखले जाते. हे न्याय्य आहे. शेरिफच्या बाबतीतही वस्तुस्थिती त्यांच्या बाजूने आहे: नॉटिंगहॅमचा शेरिफ फिलिप मार्क याला पदावरून दूर करावे असे मॅग्ना कार्टाच्या ५० व्या कलमात नावानिशी लिहिलेले आहे. इतक्या नावाजलेल्या दस्तऐवजात तक्रार नोंदवली जावी असा अधिकारी कथेला आयता मिळाला.

तरीही जुनी गीते आणि नवे चित्रपट यांतला खरा फरक चिखलात किंवा रंगांत नाही. तो 'का' या प्रश्नात आहे. रॉबिन आउटलॉ का झाला, हे सर्वांत जुनी गीते सांगतच नाहीत. तो आहे, झाडाखाली उभा आहे, रस्त्याकडे पाहतो आहे, इतकेच. आजच्या चित्रपटाला ते परवडत नाही. त्याला मारलेला बाप हवा, जळालेले घर हवे, युद्धात पाहिलेली कत्तल हवी, म्हणजे नायकाचा प्रत्येक बाण आधीच्या एखाद्या जखमेची भरपाई ठरतो. कठोर दिसणारा चित्रपट या अर्थाने मनाने फार हळवा असतो. त्याला नायकाच्या हातून काहीही चालते, पण अकारण काही चालत नाही.

म्हणूनच १४५० नंतरच्या त्या हस्तलिखितातला एक प्रसंग आजवर कोणी पडद्यावर नीट आणलेला माझ्या पाहण्यात नाही. रॉबिन एकटाच नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जातो, एक भिक्षू त्याला ओळखून पकडून देतो, आणि मग तोच भिक्षू राजासाठी पत्रे घेऊन निघतो. लिटल जॉन आणि रॉबिनचा आणखी एक साथीदार मच त्याला वाटेत गाठतात, सोबत म्हणून गोड बोलत चालतात, आणि योग्य जागी येताच जॉन त्याला घोड्यावरून खाली ओढून मारतो. भिक्षूबरोबर एक लहान पोऱ्या असतो. तो जाऊन सांगेल म्हणून मच त्या पोराचेही डोके उडवतो. गीतात याला एकच कडवे आहे. खंत नाही, पार्श्वभूमी नाही, कोणाच्या चेहऱ्याचे वर्णन नाही. पुढच्या कडव्यांत दोघे ती पत्रे स्वतःच राजाकडे पोहोचवतात, राजा खूश होऊन त्यांना २० पौंड देतो आणि आपल्या पदरी योमन म्हणून ठेवतो, आणि राजाच्याच मुद्रेच्या जोरावर ते रॉबिनला तुरुंगातून सोडवून नेतात. शेवटी राजाला सगळे कळते. तो थोडा चिडतो, जॉनच्या स्वामिनिष्ठेचे कौतुक करतो, आणि म्हणतो की जॉनने आपल्या सगळ्यांनाच फसवले, तेव्हा या विषयावर आता बोलणे नको. त्या पोराचे नाव गीतात कोठेच येत नाही.